तिसऱ्या दिवसाची फेरी

कोळेकर बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहिताना मला आधी माझी एक चूक दुरुस्त करायची आहे. मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याच्या स्मरणिकेत मी बाईंवर पानभर मजकूर लिहिला होता. त्यात असं म्हटलं होतं की सातवीत असताना आमच्या वर्गातली पद्मा शाळेत यायची बंद झाली, बाई तिच्या घरी गेल्या, त्यांनी घरच्यांची समजूत घातली, पद्मा परत आली आणि पुढे दहावी पास झाली. हे खरं नाही. पद्मा परत आली नाही. बाई तिच्या घरी पोचल्या तेव्हा ती तिथे नव्हती. समजूत घालून परत आणलेली आणि दहावी झालेली मुलगी दुसरी होती, ती आमच्या पुढच्या वर्गात होती.

स्मरणिका हातात पडल्यावर दोन दिवसांनी बाईंचा फोन आला होता.

"स्वाती, लेख वाचला. अक्षरन् अक्षर वाचला. पण पद्मा आली नव्हती गं."

मी म्हटलं, "बाई, मला तसंच आठवत होतं."

"तसं आठवावं असं वाटत असेल," त्या म्हणाल्या, आणि विषय बदलून त्यांनी माझ्या आईच्या डोळ्यांची चौकशी केली.

त्या वाक्याने मला वर्षभर स्वस्थ बसू दिलं नाही. पद्माच्या गोष्टीत माझाही एक भाग आहे, आणि तो गाळला की गोष्ट आपोआप चांगल्या शेवटाकडे सरकत होती. तो भाग मी आज लिहिणार आहे. गौरवग्रंथात असं लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. संपादक मंडळाला एवढीच विनंती आहे, की योग्य वाटला नाही तर लेख पूर्ण वगळावा, अर्धा छापू नये.

बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि त्याआधी एकही दिवस शाळेत गेले नव्हते. मोहोळ तालुक्यातल्या एका गावात आमच्याकडे देवळाची पूजा होती. आजोबांनी मला वाचायला शिकवलं, आत्याने हिशेब आणि पाढे. घरची शिकवण चांगली होती, हे मी आजही म्हणते. पण गावातली शाळा आमच्या ओट्यावरून दिसत होती आणि तरी मला तिथे घातलं नव्हतं. का, ते लहानपणी मी विचारलं नाही. पुढे आत्यानेच सांगितलं, की तिथे सगळी मुलं एका माठातलं पाणी पीत.

वडिलांना सोलापुरात कारकुनाची नोकरी लागली तेव्हा आम्ही शहरात आलो आणि ते मला पाचवीत घालायला घेऊन गेले. पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्ल्यांना लागून आमची शाळा. आधीच्या शाळेचा दाखला नसल्यामुळे परीक्षा घेऊन वर्ग ठरवायचा होता. बाईंनी मला एक उतारा वाचायला दिला. मी तो न अडखळता वाचला. गणितं दिली, ती केली. वडील खूष झाले. मग बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "आता तुझ्या नात्यात नसलेल्या पाच माणसांची नावं सांग."

मी पुजाऱ्याची मुलगी. देवळात रोज माणसं पाहत होते. मला एकही नाव सांगता येईना. शेवटी मी म्हणाले, "फुलवाली."

"तिचं नाव?"

"फुलवालीच."

बाई वडिलांकडे वळल्या. "वाचनात मुलगी सहावीची आहे. माणसांत पहिलीची. पाचवीत घालू, म्हणजे मधलं काहीतरी होईल."

वडील हसले. बाई हसल्या नव्हत्या.

शाळा मुलांना समाजात आणते, असं आम्हाला अध्यापक महाविद्यालयात शिकवलं. परीक्षेत मी त्यावर चांगली तीन पानं लिहिली होती. पण ते कसं होतं, हे मी बाईंच्या हाताखाली अंगावर अनुभवलं, आणि ते त्या तीन पानांइतकं सरळ नव्हतं. पहिले दोन आठवडे मी शाळेत पाणीच प्यायले नाही. घरून सांगितलं होतं तसं वागत होते. पाऊस लांबला होता, उन्हाळा सरला नव्हता. एका दुपारी मैदानात चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला कारण विचारलं नाही, समतेवर भाषणही दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गाचा माठ भरायचं काम माझ्याकडे लावलं. म्हणाल्या, "तू घासायचा, तू भरायचा, सगळ्यांना तू द्यायचं. मग उरलेलं प्यायला तुझी काय हरकत?"

माझी हरकत उरली नाही. मी प्यायला लागले. बाईंना वाटलं मी शिकले. खरं म्हणजे मी फक्त माझ्या हातचं पाणी सगळ्यांसमोर प्यायला शिकले होते. हा फरक तेव्हा बाईंच्या लक्षात आला नाही आणि मी तो दाखवला नाही.

पद्मा माझ्या बाकावर बसायची. तिच्या घरी तेलुगू बोलत, वडील मागावर होते, आई विड्या वळायची. पहिल्या दिवशी मी भिंतीच्या कडेला अंग चोरून बसले तर म्हणाली, "ए देवाची पोरगी, सरक की हिकडं. भिंत काय तुझी मामी हाय?" तिने मला सागरगोटे खेळायला शिकवले, रांगेत धक्का देणाऱ्याला परत धक्का कसा द्यायचा ते शिकवलं, आणि बाईंनी प्रश्न विचारल्यावर उत्तर येत असलं तरी कधीकधी दुसऱ्याला सांगू द्यायचं असतं, हेही. तिला नागरिकशास्त्र अजिबात आवडत नसे. "सरपंचाची कामं पाठ करून मी काय सरपंच होणार हाय का," म्हणायची.

नागरिकशास्त्र बाई शिकवत. पुस्तक लवकर उरकत आणि मग स्वतःच्या चुका सांगत, ही त्यांची पद्धत. त्यांतली एक मी कधी विसरले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी वर्गात नियम केला होता की मराठीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. पहिलीतल्या एका मुलीला बाहेर जायला परवानगी मागायचे मराठी शब्द येत नव्हते. ती गप्प राहिली आणि जागेवरच तिचे कपडे ओले झाले. वर्ग हसला. बाई आम्हाला म्हणाल्या, "त्या दिवशी मी त्या पोरीला समाजात राहायला शिकवलं. काय शिकवलं, तर लाज. ती परत बोललीच नाही वर्गात." त्यानंतर वर्षभर बाई शाळा सुटल्यावर जवळच्या एका विणकरणीकडे जाऊन तेलुगू शिकल्या. आजही त्या बाजारात तेलुगूत घासाघीस करतात आणि बहुतेक वेळा हरतात.

आता फेरीविषयी लिहिते, कारण बाईंचं सगळ्यांत मोठं काम माझ्या मते तेच. बाईंच्या वर्गात एखादं मूल तीन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन मुलं त्याच्या घरी जात. एक त्याच भागातलं, दुसरं लांबच्या भागातलं. नियम तीन होते. दारातून बोलायचं नाही, आत जायचं. त्या घरचं पाणी प्यायचं. आणि न आलेल्या मुलाशी स्वतः बोलायचं, त्याच्या आईवडिलांशी बोलून भागवायचं नाही. परत आल्यावर फेरीच्या वहीत काय पाहिलं ते लिहायचं. पाण्याचा नियम का, असं कुणीतरी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "पाणी आणायला कुणीतरी आत जातं. तेवढा वेळ तुम्हाला घर दिसतं." मोठ्या माणसांना दारातच अडवलं असतं, पण मुलांना कुणी अडवत नसे. कुणाचा मुलगा मागावर बसवला, कुणाचा बाप अंथरुणाला खिळला, कुणाकडे दोन दिवस चूल नाही, हे बाईंना त्या वहीतून कळायचं. कितीतरी मुलं त्या वहीमुळे शाळेत टिकली. मेळाव्याला आलेल्यांपैकी अनेकांची नावं तिच्यात आहेत.

सातवीच्या दुसऱ्या सत्रात पद्मा तीन दिवस आली नाही. फेरी माझ्याकडे आली. माझ्याबरोबरची मुलगी त्याच गल्लीतली. वाटेत तिच्या आईने हाक मारली आणि ती घरात गेली. मी एकटीच पद्माच्या दाराशी पोचले. माग चालू होते, त्यामुळे ओरडून बोलावं लागत होतं. पद्माची आई बाहेर आली.

"ये की बाळ आत. पानी पी."

"नको काकू. पद्मा का येत नाही?"

"ताप हाय तिला. येईल."

तिने तरीही आतून पाणी आणलं आणि पेला उंबऱ्यावर ठेवला. मी तो उचलला नाही. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात मला आतली खोली दिसली. पद्मा भिंतीला टेकून बसली होती. कोपरापर्यंत नव्या हिरव्या बांगड्या होत्या. ताप असलेलं माणूस तसं बसत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही. मला वाटतं, मी आत येते का ते ती पाहत होती. हे मला नंतर वाटायला लागलं असेल, तेही शक्य आहे. बांगड्या मात्र मी पाहिल्या, याबद्दल मला शंका नाही.

मी वहीत लिहिलं, "पद्माला ताप आहे. येईल." पाणी प्यायलं असंही लिहिलं.

बाई वहीवर विसंबल्या. आठवड्याने त्या स्वतः गेल्या तेव्हा पद्माला तेलंगणात नातेवाइकांकडे नेऊन तिचं लग्न लावून दिलं होतं. ती तेरा वर्षांची होती. पुढचं मला माहीत नाही. बाईंनी बरीच वर्षं चौकशी केली, त्यांनाही कळलं नाही.

मला कुणी काही बोललं नाही. बाईही नाहीत. या लेखाच्या निमित्ताने काल, शनिवारी, मी बाईंच्या घरी गेले तेव्हा त्यांनी ती वही काढून समोर ठेवली. माझ्या अक्षरातल्या त्या ओळीखाली बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "मी वहीवर विसंबले. त्याच दिवशी स्वतः जायला हवं होतं. चूक माझी."

मी म्हटलं, "बाई, हे बरोबर नाही. चूक माझी होती. मी पाहिलं होतं."

"किती वर्षांची होतीस?"

"बारा."

"मग? मोठ्यांचं काम मी बारा वर्षांच्या पोरीवर टाकलं. फेरी चांगली होती, पण मी तिच्या भरवशावर निजले." वही त्यांनी मिटली नाही. माझ्याकडे पाहून विचारलं, "तुझ्या वर्गात सध्या कोण येत नाही?"

आता पुढचं लिहिते, ते बाईंच्या गौरवात बसतं की नाही हे वाचणाऱ्यांनी ठरवावं. मी सोलापूर-मोहोळ रस्त्यावरच्या एका माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. आमच्याकडची बरीच मुलं चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांची. माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेचे सतरा दिवस आलेली नाही. तिचं नाव आणि गाव मी लिहीत नाही. तिचं वय चौदा. हे सतराही दिवस हजेरीपत्रकात मी तिला हजर मांडलं आहे.

हे का केलं, ते सांगायला हवं. बरेच दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव पटावरून कमी होतं. पट एका मर्यादेखाली गेला की शिक्षकाचं एक पद कमी होतं, आणि सगळ्यांत शेवटी लागलेला शिक्षक अतिरिक्त ठरतो. आमच्या शाळेचा पट त्या मर्यादेवर आहे आणि सगळ्यांत शेवटी लागलेली मी. चौथ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. माणूस वाईट नाही. म्हणाले, "आजोळी गेली आसंल, येईल की. तिचा बाप येऊन गेला, नाव कमी करू नका म्हणाला. लावा हजेरी. पट खाली आला तर कोण जाणार मॅडम? मी जातोय का?" मी हजेरी लावली. पाचव्या दिवशी त्यांना विचारावंही लागलं नाही.

हे मी बाईंना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की एक मुलगी येत नाही, बरेच दिवस झाले.

"घरी गेली होतीस?"

"नाही."

"उद्या रविवार आहे. मला घेऊन चल."

त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, पायऱ्या उतरताना त्यांना थांबावं लागतं. आज सकाळी त्या माझ्या स्कूटीवर मागे बसून कामगारांच्या त्या खोल्यांपर्यंत आल्या. खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई दारात मिरच्या निवडत होती. बाईंनी तिला नमस्कार केला आणि न विचारता तिच्या खोलीत जाऊन बसल्या. तिने पाणी दिलं. आम्ही दोघी प्यायलो.

"ह्या शेजारच्या पोरीच्या शाळेतल्या बाई," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "पोरगी दिसत नाही."

"आजोळी न्हेली की तिला, करमाळ्याकडं. ह्या शुक्रवारी हळद हाय, शनवारी अक्षता."

"चौदा वर्षांची आहे."

"व्हय, पर थोराड हाय पोरगी. आनि आईबाप दोगंबी कंपनीत, पाळीवर. पोरगी घरात एकटी. भ्या वाटतंय मानसाला. आता तुमी म्हनशीला तसं न करावं, पर कुनी ऱ्हायचं तिच्यासंगट?"

"शाळेत राहिली असती की दिवसभर."

"शाळेचं काय न्हाय अडचन," ती बाई म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. हसू चांगलं होतं. "तिचा बाप म्हनत हुता, मास्तरनी लई गुनाची हाय. पोरगी न्हाय तरी हजेरी लावती. कुनी इचारायला आलं तर पोरगी शाळेतच हाय म्हनून दावता येतंय."

बाई माझ्याकडे वळून पाहतील असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं नाही. पेला खाली ठेवून त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि तिथेच बसून बाल मदतवाहिनीला लावला. पलीकडे कुणीतरी तरुण मुलगी होती. बाईंनी सगळं नीट सांगितलं. मग म्हणाल्या, "हिच्याशी बोला, वर्गशिक्षिका आहे," आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून विचारलं, "मॅडम, मुलगी शाळेत शेवटची कधी हजर होती?"

मला तारीख माहीत होती. वारही माहीत होता. मी म्हटलं, "रजिस्टर बघून सांगते."

"ठीक आहे. जन्मतारखेचा उतारा आणि हजेरीचा उतारा घेऊन सोलापूरला आमच्या कार्यालयात तुमचं लेखी निवेदन द्या. लग्नघरचे लोक म्हणतात, मुलगी तर शाळेत जाते. तुमच्या हजेरीवर बरंच अवलंबून राहील."

परत येताना कारखान्यांच्या भिंतीपाशी बाईंनी स्कूटी थांबवायला सांगितली. गुडघा आखडला होता. त्या उतरून उभ्या राहिल्या आणि मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, त्या म्हणतील की पट, पद, नोकरी हे सगळं त्यांनाही कळतं, त्यांनीही एका पगारावर घर चालवलं आहे. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत.

"किती दिवस?"

"सतरा."

"पहिल्या दिवशी कुणी सांगितलं होतं?"

"पहिले तीन दिवस मीच लावली. येईल म्हणून. चौथ्या दिवशी सर म्हणाले."

"म्हणजे तिसऱ्या दिवशी तुला ठाऊक होतं."

"हो."

त्यांनी भिंतीला हात टेकून गुडघा सरळ केला. मग म्हणाल्या, "मला नेहमी वाटायचं, माझ्या शाळेतून गेलेलं पोर निदान दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकेल. शाळेत शिस्त लावतो आपण. रांग, घंटा, रकाने. रकाना मोकळा ठेवायचा नाही, हे तू फार चांगलं शिकलीस, स्वाती." त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. स्कूटीवर बसताना एवढंच म्हणाल्या, "लाल पेन आहे का तुझ्याकडे? खोडायचं नाही. वर लिहायचं आणि सही करायची."

हे सगळं मी बाईंच्या गौरवग्रंथात का लिहिते आहे, असा प्रश्न योग्यच आहे. बाईंविषयी इतर अनेकजण लिहितील. त्यांनी उभी केलेली ग्रंथपेटी, निवृत्तीनंतर विडी कामगार बायकांसाठी चालवलेला वाचनवर्ग, शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी मारलेल्या खेपा, यांवर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे लोक आहेत. मला बाईंची मोठी वाटते ती एकच गोष्ट. शाळा मुलांना माणसांत आणते, असं त्यांनी कधी भाषणात म्हटलं नाही. शाळा भित्री माणसंही तयार करते, हे त्यांना माहीत होतं, आणि स्वतःच्या वर्गात तसं झालं तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं. त्यांच्या हातून शिकलेली एक विद्यार्थिनी मी आहे, आणि त्यांनी शिकवलेलं अर्धंच माझ्या हाताला लागलं. गौरवाच्या ग्रंथात ही नोंद नसेल तर बाईंचं काम किती अवघड होतं, ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

आज दुपारी परत आल्यावर मी बाईंना विचारलं की हा भाग छापला तर त्यांना चालेल का, त्यांच्याच समारंभाच्या पुस्तकात. त्या आडव्या झाल्या होत्या, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती. म्हणाल्या, "शाल, श्रीफळ मिळणारच आहे की मला. एखादं खरं पान असू दे." मग त्यांनी मला मुलीच्या वडिलांविषयी वाईट लिहू नको म्हणून बजावलं. तो घाबरलेला माणूस आहे, त्या म्हणाल्या, आणि आपण त्याला भीतीवर दुसरा काही उपाय दिलेला नाही. "मुलगी परत आली तर आईबापांची पाळी चालू असेपर्यंत तिने कुठे बसायचं, याचाही विचार आधी करून ठेव. माझ्या घरी बसू शकेल, दुपारी मी मोकळीच असते."

पंचाहत्तर वर्षांच्या बाई हे बोलत होत्या. समारंभात त्यांना दीर्घायुष्य चिंतिलं जाईल, तसं मीही चिंतिते. पण माझी इच्छा थोडी स्वार्थी आहे. त्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन आणखी पुढे ढकलू नये, रक्तदाबाची गोळी विसरू नये, आणि पुढची पुष्कळ वर्षं आमच्यापैकी कुणाच्याही घरी अचानक येऊन बसावं आणि विचारावं, तुझ्या वर्गात सध्या कोण येत नाही. तो प्रश्न विचारणारं माणूस सोलापुरात आहे, एवढ्यानेही आमच्यासारख्या कित्येकांना थोडं सरळ वागावं लागेल.

ती मुलगी परत येईल की नाही, मला माहीत नाही. या वेळी मी तसं आधीच लिहून ठेवणार नाही. नोकरीचं काय होईल तेही माहीत नाही; घरी अजून सांगितलेलं नाही, आज जेवताना सांगेन. हा लेख संपादकांकडे जाईल त्याआधी मुख्याध्यापकांनी वाचलेला असेल, कारण त्यांच्याविषयी त्यांच्यामागे लिहिणं बरोबर नाही.

शुक्रवारची हळद आहे, म्हणजे मधे चारच दिवस आहेत. शाळा अकराला भरते, कार्यालयातलं कपाट दहाला उघडतं. दहा वाजता मी तिथे असेन. सतरा दिवसांवर लाल शाईने गैरहजर लिहून प्रत्येकापुढे सही करीन, दोन्ही उतारे आणि माझं निवेदन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून त्यांची पोच घेईन, ते देणार नसतील तर तसं त्याच कागदावर लिहीन, आणि त्यांच्या प्रती मदतवाहिनीच्या कार्यालयात द्यायला प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत सोलापूरच्या रस्त्याला लागेन. उद्या, सोमवारी.